अंदाज आणि रोजमेळ

लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि लिलाव त्या रांगेबरोबर पुढे सरकत जातो. व्यापारी ट्रॉलीपाशी थांबतो, मालात हात खुपसून तळचे चार कांदे वर काढतो, एकाची मान दाबतो, दुसऱ्याची पत्ती अंगठ्यानं चोळतो आणि बोली लावतो. चहाचा कप संपायला लागतो तेवढाही वेळ जात नाही. माल चाळीत टिकेल की लवकरच कोंब धरेल, वाटेत किती सडेल, पुढच्या बाजारात कुठल्या आकाराला उठाव आहे, हे सगळं त्या एका आकड्यात आलेलं असतं. हिशेब कसा केला असं विचारलं तर तो हसेल. माल बघितला की समजतं, यापलीकडे त्याच्याकडून काही निघणार नाही. तो लपवत नसतो. त्याला खरंच तेवढंच सांगता येतं.

हे पुस्तक त्या समजण्याविषयी आहे. किराणा, खानावळ, शिलाई, पिठाची गिरणी, गॅरेज, पार्लर, मसाले, रोपवाटिका, असे जे धंदे असतात, जिथं मालकच खरेदी करतो, मालकच गल्ल्यावर बसतो आणि रात्री शटरही मालकच ओढतो, तिथं बहुतेक निर्णय कागदावर होत नाहीत. गिऱ्हाईक समोर उभं असतं, माल घेऊन आलेला टेम्पो रस्ता अडवून थांबलेला असतो, आणि दहा पेट्या उतरवायच्या की सहा हे तिथल्या तिथं सांगावं लागतं.

या विषयावर लिहिणाऱ्यांचे दोन कळप आहेत आणि मला दोन्हींचा कंटाळा आहे. पहिला कळप मनाचं ऐका म्हणणाऱ्यांचा. यशस्वी उद्योजकाच्या आत्मचरित्रात एक प्रसंग हमखास असतो: सगळे नको म्हणत होते, मी आतला आवाज ऐकला, आणि आज बघा. तोच आवाज त्याच पेठेत आणखी कितीजणांनी ऐकला आणि त्यांतल्या कितींच्या शटरवर आता 'भाड्याने देणे आहे' लिहिलंय, ही मोजणी कुणी करत नाही. बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाकडे आत्मचरित्र मागायला प्रकाशक जात नाही.

दुसरा कळप तक्तेवाल्यांचा. त्यांच्या मते अंदाज म्हणजे अडाणीपणा, आणि धंदा चालतो तो प्रकल्प अहवालावर. कर्जासाठी बँकेत दिलेला असा अहवाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की पहिल्या वर्षाची विक्री अमुक, दुसऱ्या वर्षी ती शिस्तीत वाढलेली, तिसऱ्या वर्षी आणखी शिस्तीत. हे आकडे कुठून आले हे अर्जदाराला माहीत असतं, चार्टर्ड अकाउंटंटला माहीत असतं आणि बँकेच्या साहेबांनाही माहीत असतं. तोही अंदाजच, फक्त रकान्यांत नीट बसवलेला.

मला स्वतःला या दोन्हींपेक्षा एक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: एखाद्याचा अंदाज कुठल्या बाबतीत खरा ठरतो आणि कुठल्या बाबतीत तोच माणूस, त्याच खात्रीनं, सपशेल चुकतो?

लिज्जत पापडाची हकीकत या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे, आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून उसनं घेतलेलं. पहिल्या दिवशी चार पुडे झाले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विक्रीला गेले. बाजाराची पाहणी वगैरे काही नाही. पण पीठ किती घट्ट भिजवायचं, पापडखार किती, लाटी केवढी, हे त्यांच्या हातांना परकर-पोलक्याच्या वयापासून माहीत होतं. त्या ज्ञानाला कुणी भांडवल म्हणत नव्हतं, एवढंच.

पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम थांबवावं लागलं, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला, आणि पाऊस बाहेर पडत राहिला. माझ्या मते प्रेरणा या वस्तूचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत ज्या घरांत होती त्या घरांतल्या बायकांना ही युक्ती कुठून सुचली असेल, याचा तर्क मी मनाशी केला आहे. पुरावा मागू नये. पण एक नक्की: अडचण रोज समोर दिसत होती, तिच्यावर चार महिने चरफडून झालं होतं, आणि सुचलेला उपाय दोन वस्तूंत करून बघण्याजोगा होता. ही कल्पना फसली असती तरी घरात एक खाट आणि एक स्टोव्ह वाढला असता.

आता न सांगितला जाणारा अर्धा भाग. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. पुढे संस्था मोठी झाल्यावर खाकरे निघाले, मसाले निघाले आणि ते चालले. १९७९ मध्ये चामड्याच्या वस्तू आणि काडेपेट्या करून पाहिल्या, १९८० मध्ये अगरबत्त्या. ते उद्योग चालले नाहीत. कारणं अनेक असतील, संस्थेच्या आतली मला ठाऊक नाहीत. पण यादी नुसती वाचली तरी रेघ दिसते. जे स्वयंपाकघराच्या अंगानं गेलं त्याला हातातलं जुनं कसब धावून आलं. काडेपेटीच्या गुलाला ते येणार कुठून? तीच संस्था, तीच शिस्त, तीच माणसं. अंदाज मात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता आला नाही.

बुद्धिबळातल्या एका जुन्या प्रयोगातून हेच दिसतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना पाच सेकंद दाखवली आणि आठवणीतून पट पुन्हा लावायला सांगितला. उस्ताद खेळाडूनं बरीचशी मोहरी जागच्या जागी ठेवली, नवशिक्याला मोजकीच जमली. मग मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली, तर उस्तादाचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. हजारो डावांतून पाहिलेले आकार त्याच्या ओळखीचे झाले होते, आणि ओळखीचं काही नसेल तिथं तोही तुमच्याआमच्यासारखाच. अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, दुसरं काही नाही, असं सायमन यांचं मत होतं. ते अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले गृहस्थ होते, त्यामुळे या मताला वजन आलं. पण लासलगावच्या व्यापाऱ्यालाही ते पटावं.

ओळख कधी पक्की होते, यावर पुढे एक मजेदार भांडण व्हायचं होतं आणि ते झालंच नाही. गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला होता. जळत्या घरात क्षणात अचूक निर्णय घेणारी ही माणसं त्यांना थक्क करून गेली होती. डॅनियल कानेमन यांची हयात उलट कामात गेली, जाणत्या माणसांचे अंदाज कसे चुकतात हे दाखवण्यात. दोघे एकत्र लिहायला बसले, आणि २००९ मध्ये निघालेल्या त्यांच्या निबंधात दोघांचं बहुतांशी एकमत झालेलं दिसलं. अंदाजावर विसंबायचं तर दोन गोष्टी हव्यात. ज्या क्षेत्रात आपण वावरतो त्याची वागणूक बऱ्यापैकी नियमित असावी, आणि आपण केलेल्या अंदाजाचा निकाल आपल्याला पुन्हा पुन्हा, लवकर, स्पष्ट मिळत राहिलेला असावा. माणसाला किती खात्री वाटते, याचा त्यात काही संबंध नाही.

हे दुकानात आणून बघू. नागपुरात सकाळी तर्री-पोहे विकणारा माणूस पहाटे पोहे भिजवतो. किती भिजवायचे? आभाळ कसं आहे, शाळा चालू की सुट्टी, महिनाअखेर की पगाराचा आठवडा, काल रात्री मॅच उशिरा संपली का, समोरच्या कॉलेजात परीक्षा आहे का, हे सगळं त्याच्या हातात उतरतं आणि परातीत पोहे पडतात. दहा वाजता निकाल हातात. उरले तर डोळ्यांसमोर उरले, संपले तर परत जाणाऱ्या गिऱ्हाइकांची तोंडं दिसली. वर्षाला तीनशे पेपर आणि तीनशे निकाल. या माणसाशी पोह्यांच्या प्रमाणावरून कुणी वाद घालू नये, त्याच्या बी.कॉम. झालेल्या पुतण्यानं तर नाहीच.

हाच माणूस आता दुसरी जागा घ्यायला निघतो. नव्या वस्तीत चौकातला गाळा आहे, डिपॉझिट भक्कम आहे, मालक उद्यापर्यंतच थांबणार आहे. गाळ्यात पाऊल टाकताच त्याला वाटतं की ही जागा लाभणार. अशी जागा घेण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात दोनदा, फार तर तीनदा येणार. निकाल कळायला तीन वर्षं लागणार, आणि तोही गढूळ. धंदा बसला तो जागेमुळे, की रस्ता खोदून ठेवल्यामुळे, की जुन्या टपरीवर बसवलेल्या भाच्यानं तर्री पातळ केल्यामुळे, हे कधीच नीट कळणार नाही. या बाबतीत त्याचा अंदाज माझ्याहून चांगला असण्याचं काही कारण नाही. पण पहाटे परातीसमोर येणारी खात्री आणि गाळ्यात उभं राहून आलेली खात्री, दोन्ही आतून अगदी सारख्या लागतात. या धंद्यांतला सगळा धोका मला इथं दिसतो. भागीदारी, नातलगाला दुकानात घेणं, यंत्रासाठी मोठं कर्ज, गावाबाहेरचं गोदाम, हे सगळे निर्णय त्या गाळ्याच्या जातीचे.

अशा वेळी अंदाजाला हाकलून द्यावं असं मी म्हणत नाही. जागा बघून पोटात खड्डा पडला तर त्याची चौकशी करावी. काहीतरी नजरेनं टिपलेलं असतं, ते अजून शब्दांत आलेलं नसतं: शेजारची दोन दुकानं दुपारीच बंद होती, किंवा पार्किंगच्या जागी कायमचा ट्रक उभा होता. अंदाजानं प्रश्न विचारावा. उत्तर मात्र चार दिवस त्या चौकात सकाळ-संध्याकाळ उभं राहून, ये-जा मोजून, शेजाऱ्याला भाडं विचारून काढावं. मालक उद्यापर्यंतच थांबणार असेल तर खुशाल जाऊ द्यावा. घाई करणारे मालक शहरात पुष्कळ असतात.

मुहूर्त, कौल, शकुन यांच्याबद्दल इथं दोन शब्द लिहायला हवेत, कारण ते वगळून आपल्याकडच्या धंद्याबद्दल लिहिणं म्हणजे नारळ वगळून कोकणाबद्दल लिहिणं. देवाला कौल लावून दुकान घेणाऱ्याची मी थट्टा करणार नाही. चांगला दिवस निघेपर्यंत तीन आठवडे थांबावं लागतं आणि त्या तीन आठवड्यांत मेहुणा चार अडचणीचे प्रश्न विचारतो. पुष्कळ वाईट व्यवहार असे टळले असतील. माझी तक्रार वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. लक्ष्मीपूजनाला चोपडीला हळदकुंकू वाहणारे, झेंडूची फुलं ठेवणारे आपण लोक उरलेल्या वर्षात ती चोपडी किती वेळा मागं उलटून वाचतो?

चुकीच्या अंदाजाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो सगळ्यात चिवट असतो. ज्याचा निकाल कधी लागतच नाही, असा. दुकानदार म्हणतो, मला चेहरा बघून कळतं कोण उधारी बुडवणार. ज्यांना त्यानं उधार दिलं त्यांच्याबद्दल त्याला थोडंफार कळतं, हे खरं. ज्यांना नाही म्हटलं ते पैसे फेडणारे होते की बुडवणारे, हे त्याला जन्मात कळणार नाही, कारण त्यांना कधी दिलंच नाही. आणि नाही कुणाला म्हटलं जातं? अंगावरचे कपडे बघून, आडनाव ऐकून, वस्ती विचारून. याला अनुभव म्हणायचं की जुना पूर्वग्रह, याची तपासणी करायला दुकानदाराजवळ एकही नोंद नसते. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून सत्तावीस डॉलर इतकी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली, तेव्हा बँकांचा पक्का समज होता की गरिबाला कर्ज दिलं की ते बुडालं. हा समज कित्येक वर्षं खोटा ठरला नव्हता, कारण तपासण्याइतकं कर्ज कुणी गरिबाला दिलंच नव्हतं. युनूस यांचे पैसे परत आले. पुढची ग्रामीण बँकेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावरचे वादही माहीत आहेत. मला इथं फक्त ती पहिली रक्कम हवी आहे. एका प्राध्यापकाला खिशातून देता येण्याजोगी ती होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मराठी घरांत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातला धंदा गळून गेला आणि नुसती जिद्द उरली. मला तिच्यात व्यवहार दिसतो. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेलेल्या या मुलाला रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून तो यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं ते भाऊ रामूअण्णा यांच्या सोबतीनं. मुंबईहून सायकली जायच्या, बेळगावात विकल्या जायच्या. सायकल खपते की नाही हे लगेच कळतं. पुढे नोकरी सुटली, छोटा कारखाना आला, कडबा कापायचं यंत्र आलं. आणि मग लोखंडी नांगर.

नांगर ही खरी प्रेरणा होती. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. या दोन वर्षांकडे लोक श्रद्धेच्या कसोटीसारखं बघतात. मी बघतो ते असं, की नांगर पडून असताना घर आणि कारखाना कशावर चालला? हाताशी दुसरी कामं होती. सगळं किडुकमिडुक एकट्या नांगरात घातलं असतं तर कल्पना तेवढीच बरोबर राहिली असती आणि कल्पना करणारा दोन वर्षं टिकला नसता. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजांनी निवडुंगाच्या माळावर या माणसाला बसवलं, ते काही कपाळावरचं तेज बघून नव्हे. औंधच्या देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं आणि राजांनी ते पाहिलं होतं. माणसाबद्दलचा अंदाज करायचा असेल तर आधी त्याला एखादा सभामंडप बांधायला द्यावा, अशी सोय सगळ्यांना नसते. पण दुकानात पोऱ्या ठेवताना आठवडाभर कामावर बघून घेणं कुणालाही जमतं.

सायमन यांच्याच हाताखाली संशोधन केलेल्या सरस सरस्वती यांनी मोठ्या कंपन्या उभ्या केलेल्या २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक धंदा दिला आणि विचार करताना मोठ्यानं बोलायला सांगितलं. त्यांतले बहुतेक लोक बाजाराचं भाकीत करण्याच्या भानगडीत फारसे पडले नाहीत. जवळ काय आहे, ओळखीचं कोण आहे, आणि यात किती बुडालं तर मला परवडेल, इथून त्यांनी सुरुवात केली. फायदा किती होईल हा प्रश्न मागाहून आला. खाट आणि स्टोव्ह, खिशातली रक्कम, कारखान्याच्या कोपऱ्यातला नांगर: तिन्ही ठिकाणी हेच घडलेलं दिसतं, आणि तिघांपैकी कुणीही त्यावर शोधनिबंध वाचलेला नव्हता.

पुढच्या प्रकरणांत मी एकच साधन वारंवार सुचवलं आहे, त्याचा खुलासा आधीच करतो. रोजमेळ लिहिता त्याच पानाच्या समासात अंदाजही लिहायचा. मोदकाचं सारण किती लागेल, नवा शिंपी टिकेल का, लग्नसराईत कुठला रंग जाईल, जे मनात आलं ते निकालाच्या आधी, तारखेसह, एका ओळीत. कारण लिहिलंच पाहिजे असं नाही. सांगता आलं असतं तर हा विषयच उरला नसता. महिन्यानं त्याच ओळीशेजारी काय झालं ते लिहायचं. मागून आठवणारा अंदाज नेहमी बरोबर असतो, हा मनाचा जुना लबाड धंदा आहे, आणि समासातली शाई त्याला पुरून उरते. हळूहळू दिसू लागतं की मालाच्या बाबतीत आपलं सहसा चुकत नाही, माणसांच्या बाबतीत निम्मं चुकतं, आणि दमलेल्या संध्याकाळी घेतलेले निर्णय बहुधा निस्तरत बसावे लागतात. प्रत्येकाचा नकाशा वेगळा निघेल. बिल करणारं सॉफ्टवेअर आणि क्यूआर कोडवरचे पैसे यांमुळे विक्रीचा आकडा आता आपोआप साठतो. मालकाला काय वाटलं होतं हे मात्र कुठलंही यंत्र टिपून ठेवत नाही.

धंद्यात दुसरी पिढी आली की या समासाचा आणखी उपयोग होतो. बापाला जे कळतं ते बापाला सांगता येत नाही, आणि मुलाला सांगितल्याशिवाय पटत नाही. त्यावरून होणारी भांडणं मी बऱ्याच दुकानांच्या मागच्या खोल्यांत ऐकली आहेत, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. दहा वर्षांच्या ओळी समोर असतील तर निदान कशावर भांडायचं ते ठरतं.

प्रकरणांच्या क्रमाबद्दल थोडं. असं पुस्तक नव्या कल्पना सुचण्यापासून सुरू व्हावं अशी वाचकाची अपेक्षा असते, आणि ते प्रकरण आहेही, सहावं. पहिलं प्रकरण उधारीवर आहे. छोट्या दुकानदाराला दिवसातून अनेकदा माणूस बघून निर्णय घ्यावा लागतो तो तिथं, त्याचे निकाल वहीत आधीपासून पडलेले असतात, आणि तपासून पाहायला नवीन खर्च काही नाही. ज्यांच्या दुकानात उधारी अजिबात चालत नाही त्यांनी थेट दुसऱ्या प्रकरणाकडे, मालाच्या खरेदीकडे, जावं. बाकीच्यांनी वही शेजारी घेऊन बसावं.